लंडन जवळ, जालना लांब!

मुंबई ते लंडनचं हीथ्रो विमानतळ किती लांब? हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर, वेळ नऊ-दहा तास. सोप्पं! आता सांगा, जालना ते हीथ्रो किती लांब? इथे तिकिटांचं अ‍ॅप गप्प. कारण जालन्याहून प्रवासी विमान सुटतच नाही.

आधी हवाई अंतराचा फंडा. पृथ्वीच्या गोलावर दोन विमानतळांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो जेवढा भरेल तेवढं हे अंतर. विमान मात्र वारा आणि बंद हवाई हद्दी बघून वाट वाकडी करतं. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, म्हणून लंडनला जायला वेळ जास्त आणि यायला कमी. त्यात तिकीट चकवतं. हिवाळ्यात मुंबईहून रात्री दोनला निघा, दहा तास उडा, तिथे वाजलेले असतात सकाळचे साडेसहा. साडेचार तासांत लंडन? नाही बॉस, साडेपाच तास घड्याळाच्या फरकाने गिळले!

आता आपलं जालना. बियाणं, स्टील आणि मोसंबीचं गाव. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ म्हणतात, पण पाळण्यातली पोरं नोकरीसाठी पुणे, मुंबई आणि त्याही पलीकडे. सर्वांत जवळचा विमानतळ छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा, रस्त्याने सुमारे ५५ किलोमीटर. तिथून मुंबई हवेतून जेमतेम २८० किलोमीटर.

मांडा हिशेब. घर ते चिकलठाणा दीड तास. तिथे थांबणं दीड तास. मुंबईपर्यंत एक तास. मुंबईत पुढच्या चेक-इनसाठी तीन तास. मग हीथ्रोपर्यंत दहा. झाले १७ तास, त्यातले हवेतले फक्त ११. तेही सगळं जुळलं तर. चिकलठाण्याची विमानं मोजकी, त्यामुळे एक हुकलं की अख्खा दिवस गेलाच म्हणून समजा.

पर्याय आहेत. जालन्यातून रेल्वे धावतेय १९०० पासून. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत आली, २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. मुंबईला सहा-सात तास. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. कारने मुंबई पाच-सहा तासांवर आली. सही आहे. पण पाच-सहा तास म्हणजे मुंबईहून दुबईला जाऊन परत यायचा उड्डाणाचा वेळ!

दिवाळीला घरी जाताना हे चालून जातं. पण रात्री फोन येतो, ‘बाबांना अ‍ॅडमिट केलंय’, तेव्हा किलोमीटर कुणी विचारत नाही. किती तासांत पोचशील, एवढंच विचारतात. म्हणून हे गणित आजच करून ठेवा. रात्री मुंबईत उतरलो तर पुढे काय? गाडी कोण चालवणार? आपण पोचेपर्यंत दवाखान्यात कोण धावेल? शेजारच्या काकांचा नंबर मोबाइलमध्ये आहे ना?

आणि हो, घरच्यांना मुंबईत उतरण्याची नाही, दारात पोचण्याची वेळ सांगा. विमानाचं ठिकाण दाखवणारं अ‍ॅप आता बाबाही बघतात. मुंबईवर ते छोटं विमान थांबलं की म्हणतात, ‘आला!’ आई मात्र कणीक मळायला घेत नाही. तिला माहितीये, अजून सहा तास आहेत.