कोणाची बाजू

पुण्याच्या पेशवे दफ्तरात, १८९१ साली उभ्या राहिलेल्या त्या इमारतीत, मोडी लिपीतील कागदांचे जे असंख्य रुमाल बांधून ठेवले आहेत, त्यांत मोहिमांच्या आणि राज्यकारभाराच्या कागदांबरोबरच भाऊबंदकीचे, दत्तकाचे, वाटणीचे आणि वतनाच्या तंट्याचे कागदही आहेत. वादीने आपली तकरीर द्यावी, प्रतिवादीने आपली द्यावी, गोतसभेने साक्षीपुरावा घेऊन महजर करावा, आणि अखेरीस जिंकणाऱ्याच्या हाती निवाडपत्र पडावे व हरणाऱ्याने यजितखत लिहून द्यावे, असा तो रिवाज होता. घरातील दुःखाला न्यायाच्या वाटेने नेण्याची ही सवय या शहराच्या अंगी फार खोल मुरलेली असावी, असे चिकित्सालयीन मानसशास्त्राचा व्यवसाय करताना मला पदोपदी वाटत आले आहे. माझ्याकडे येणारा मनुष्य दुःख घेऊन येतो हे खरे. परंतु बहुतेक वेळा त्या दुःखाची त्याने आधीच फिर्याद केलेली असते, पुरावे तारीखवार लावलेले असतात, आणि माझ्याकडून त्याला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे दुसऱ्याला ऐकवता येईल असा निकाल. “मॅडम, चूक कोणाची ते एकदा तुम्हीच ह्यांना सांगा,” हे वाक्य कर्वेनगरातून येते, कसब्यातून येते, तसेच हिंजवडीच्या उंच इमारतींतूनही येते.

हा निकाल न देणे, आणि तरीही समोरच्याला आपण दूर लोटले गेलो असे न वाटू देणे, हा माझ्या मते या विद्येतील सर्वांत कठीण भाग आहे. बाकीचे पुष्कळसे ग्रंथांतून आणि गुरुजनांकडून शिकता येते.

दूरध्वनी बहुधा ज्याला त्रास आहे तो करीत नाही. ज्याला त्या त्रासाचा त्रास होतो तो करतो. म्हणून पहिल्या भेटीला कोणी कोणी यावे हे ठरविण्यापासूनच चिकित्सेला आरंभ होतो. माझ्या खोलीत मध्ये टेबल नाही, आणि सर्व खुर्च्या एकाच उंचीच्या आहेत; कोण कोणाशेजारी बसते, मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोण देते, “अहो, तुम्हीच सांगा ना” असे म्हणून पतीला पुढे करणारी पत्नी त्याचे प्रत्येक वाक्य कोणत्या शब्दापाशी दुरुस्त करते, हे सारे त्या पहिल्या तासात शांतपणे पाहावयाचे असते. (पुढे जी उदाहरणे देत आहे त्यांतील तपशील बदललेले आहेत, आणि काही ठिकाणी अनेक घरांचे अनुभव एकत्र केले आहेत; विश्वासाने सांगितलेल्या हकीगतीवर माझा तेवढाच अधिकार आहे.)

कुटुंबचिकित्सेत तीन पिढ्यांचा आलेख काढण्याची पद्धत अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांच्या विचारातून रूढ झाली. पुण्यातील अनेक कुटुंबांना ती मुळीच परकी वाटत नाही, कारण त्यांच्या कपाटात कुलवृत्तान्ताचा जाड खंड असतो, आणि मूळ गाव, कुलदैवत, शाखा आणि उपशाखा त्यांना मुखोद्गत असतात. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा ग्रंथांत जन्म, विवाह, पदव्या आणि हुद्दे यांची नोंद मोठ्या निष्ठेने केलेली आढळते. परंतु विहिरीत सापडलेली चुलती, येरवड्याच्या मनोरुग्णालयात ठेवलेला आणि पुढे ज्याचे नावही घरात निघाले नाही असा थोरला भाऊ, माहेरी पोचविलेली आणि परत न आणलेली सून, यांना एका ओळीचीही जागा क्वचितच मिळालेली असते. मी आलेख काढते तो मुख्यतः या गाळलेल्या ओळींसाठी. एका तरुण अभियंत्याला वर्षभर रात्री-अपरात्री छातीत धडधड होऊन आपण आता मरणार असे वाटे, आणि हृदयाच्या सर्व तपासण्या निर्दोष निघत. आलेखावर वये लिहिता लिहिता त्याच्या आईचा हात थांबला. ज्या वयात त्याच्या काकांनी आत्महत्या केली होती, त्या वयाचा तो त्या वर्षी झाला होता. ती गोष्ट त्याला कोणी कधी सांगितली नव्हती, पण घरातील प्रत्येक वडीलधारे माणूस ते वर्षभर त्याच्याकडे भयभीत नजरेने पाहत होते, आणि ती नजर त्याच्यापर्यंत पोचत होती. केवळ आलेखाने असा विकार बरा होत नाही. शरीराच्या लक्षणांचा आपण कोणता अर्थ लावतो हे तपासणे, टाळलेल्या गोष्टींना क्रमाक्रमाने सामोरे जाणे, हे शास्त्रोक्त उपचार करावेच लागतात, आणि ते आम्ही केले. परंतु त्या दिवसानंतर घरातील माणसे त्याच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागली, आणि उपचाराला त्याचे साहाय्य झाले.

निकालाची अपेक्षा मानसशास्त्रीय चाचण्यांवरही लादली जाते. धारवाडच्या कामतांनी बिने यांच्या बुद्धिमापनाचे जे रूपांतर मराठी आणि कानडी मुलांसाठी केले, त्याचा उपयोग आमच्याकडे आजही होतो. मूल कोठे अडते आणि कोठे सहज पुढे जाते हे त्यातून कळते, पण बुद्ध्यंकाचा आकडा ऐकताच आईवडिलांचे चेहरे शिक्षा सुनावल्यासारखे होतात. म्हणून मी आकडा शेवटी सांगते, आणि त्याआधी त्या मुलाने एखादे कोडे कसे उलगडले ते सविस्तर सांगते.

दांपत्यांच्या बाबतीत या शहराचा एक स्वभावविशेष मला फार विचार करावयास लावतो. जॉन गॉटमन यांनी अमेरिकेत पतिपत्नींच्या संभाषणांचे चित्रण करून वर्षानुवर्षे त्यांचा अभ्यास केला, आणि राग किंवा तक्रार यांपेक्षा तुच्छता विवाहाला अधिक घातक ठरते, असे प्रतिपादन केले. पुण्याला आपल्या तिरकस वाणीचा अभिमान आहे, आणि सभेत वा लेखात ती वाणी शोभतेही. परंतु तीच स्वयंपाकघरात ओट्यापाशी रोज वापरली गेली, तर काही वर्षांत ऐकणाऱ्याच्या मनात घायाळ होण्याचीही शक्ती उरत नाही, आणि मग दोघेही म्हणतात की आमच्यात भांडण असे काही नाही. अशा दांपत्याला गोड बोलावयास शिकविण्याचा प्रयत्न मी करीत नाही. सरळ बोलावयास सांगते. “तुमचं काय, तुमचं ऑफिस आधी” या वाक्याच्या तळाशी “सात वाजले की मला एकटीला भीती वाटायला लागते” हे वाक्य होते. ते वर यावयास कित्येक आठवडे लागले, आणि वर आले तेव्हा त्या गृहस्थाला उत्तर म्हणून काही सुचले नाही, हे मला शुभचिन्ह वाटले. मात्र जेथे मारहाण आहे, किंवा एकाच्या तोंडावर दुसऱ्याच्या देखत खरे बोलण्याचे भय दिसते, तेथे दोघांना समोरासमोर बसविणे मी नामंजूर करते. अशा ठिकाणी संयुक्त बैठक म्हणजे दुबळ्याकडून कबुलीजबाब काढून घेऊन तो बलवानाच्या हाती देणे होय. तेथे आधी तिच्या सुरक्षिततेची तजवीज, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची माहिती, आणि तिच्याशी एकटीशी बोलणे. तटस्थतेला ही मर्यादा असलीच पाहिजे.

कित्येकजण माझ्याकडे येतात ते शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाच्या वाटेवर असताना. १९८४ च्या कायद्याने या न्यायालयांवर समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य सोपविले आहे, त्यांना समुपदेशकांचे साहाय्य दिले आहे, आणि ते समुपदेशक अतिशय अवघड काम करीत असतात. पण पत्नी वेडी आहे किंवा नवरा विकृत आहे असा दाखला पुराव्यात रुजू करण्यासाठी हवा म्हणून जेव्हा कोणी येतो, तेव्हा ज्या व्यक्तीला मी पाहिलेही नाही तिच्या मनाविषयी एक अक्षर लिहिणार नाही, हे मी आरंभीच सांगते. काहीजण रागावून उठून जातात. काहीजण बसतात, आणि मग दाखल्याखाली दडलेली गोष्ट बोलू लागतात.

अशा वेळी मला इव्हान बॉझोर्मेनी-नॉज या हंगेरीत जन्मलेल्या चिकित्सकाचा विचार आधारभूत वाटतो. चिकित्सकाने कोणाचीच बाजू घेऊ नये असे त्याने म्हटले नाही. खोलीतील प्रत्येकाची, आणि खोलीत नसलेल्या परंतु परिणाम भोगणाऱ्या माणसाचीही, बाजू क्रमाने घ्यावी असे म्हटले. माझ्या अनुभवात हे अधिक खरे आणि अधिक श्रमाचे आहे. सुनेचे ऐकताना मला खरोखर सुनेच्या जागी जावे लागते, आणि पुढच्या दहा मिनिटांत तितक्याच खरेपणाने सासूच्या जागी. यांतील एक जरी केवळ अभिनय असला, तरी तो त्या दोघींना तत्काळ कळतो. मिलानमधील मारा सेल्विनी पालाझोली आणि त्यांचे सहकारी यांनी रूढ केलेली प्रश्नांची रीत येथे फार कामी येते: आईला आईविषयी न विचारता धाकट्या मुलीला विचारावे, “आई गप्प झाली की बाबा काय करतात? आणि बाबांनी तसं केलं की आजी?” मुलगी उत्तर देते, वडीलधारी ऐकतात, आणि जे वर्षानुवर्षे एकाच्या स्वभावाचा दोष म्हणून ठरलेले होते, ते साऱ्या घराची फिरती साखळी म्हणून क्षणभर सर्वांना दिसते.

गंभीर मनोविकारात तर कुटुंबावाचून गतीच नाही. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्यानंतर व्हॉन व लेफ यांनी, नंतरच्या दोघांनी १९७६ च्या प्रबंधात, दाखवून दिले की छिन्नमनस्कतेतून सावरलेला रुग्ण ज्या घरी परततो तेथे टीका, वैर किंवा अतिरेकी काळजी असेल, तर विकार उलटण्याचा संभव वाढतो. परंतु याचा अर्थ घरच्यांना आरोपी ठरविणे असा जे घेतात, ते माझ्या मते अन्याय करतात. वीस वर्षे मुलाची औषधे मोजणाऱ्या आईच्या आवाजात जी धार येते ती थकव्याची असते. आपल्या देशात पन्नासच्या दशकातच अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉक्टर विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातलगांना उपचारासाठी त्यांच्यापाशी राहावयास आणले होते, आणि येरवड्याला १९८६ साली डॉक्टर अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुलं आणि सुनीताबाईंच्या पाठबळाने मुक्तांगण सुरू केले, तेव्हा व्यसनी माणसाबरोबर त्याच्या पत्नीचेही मन सावरले पाहिजे, ही दृष्टी त्या कार्यात होती. ज्या बाईने दारूपायी मंगळसूत्र गहाण पडलेले पाहिले, तिला “नवरा सुधारला, आता आनंदात राहा” असे सांगणे म्हणजे तिच्या साऱ्या वर्षांची नोंदच पुसून टाकणे होय. तिच्या रागाला मुभा आणि मुदत दोन्ही द्यावी लागते.

गेल्या काही वर्षांत ज्या तऱ्हेची कुटुंबे वाढत्या संख्येने येतात, त्यांतील एक येथे सांगते. सदाशिव पेठेतील जुना वाडा पडून तेथे झालेल्या इमारतीत एक वृद्ध बाई राहत. पती वारले, आणि थोरल्याकडे कोथरूडला सहा महिने व धाकट्याकडे बाणेरला सहा महिने अशी त्यांची पाळी लावली गेली. मुलगी कॅलिफोर्नियात. आई विसरू लागली आहे, तिची तपासणी करून ती व्यवहारास समर्थ आहे की नाही ते लिहून द्यावे, असे मुलांचे म्हणणे. आणि ते लिहून देऊ नये, असे मुलीचे, जी रात्री साडेआठला, म्हणजे तिच्याकडील सकाळी, पडद्यावरून बैठकीत सामील होई. मी स्मृतीची तपासणी केली. वयाला साजेसे विसरणे होते, त्याहून अधिक नव्हते. दर सहा महिन्यांनी डबे, देव आणि औषधे हलविणाऱ्या कोणाच्याही बाबतीत झाला असता इतका गोंधळ मात्र होता. नंतर त्यांच्याशी एकटीशी बोलले. “मला माझ्या घरी राहायचंय, पण तसं म्हटलं तर पोरांना वाटेल, आम्ही नीट सांभाळलं नाही,” असे त्या म्हणाल्या. हे वाक्य मी त्यांच्या वतीने मुलांना सांगितले नाही. तसे करावयाचे नाही हे आमचे आधीच ठरलेले होते. ते त्यांनी स्वतः सांगावे यासाठी आम्ही दोन बैठका तयारी केली, आणि त्यांनी ते सांगितले तेव्हा थोरला मुलगा प्रथम चिडला, मग पुष्कळ वेळ रडला.

त्या घराचा एक मसुदा मग सर्वांनी मिळून केला: सोबतीला दिवसभर कोण, रात्री कोण, औषधांचा खर्च कसा वाटायचा, मुलीने रोज कोणत्या वेळी बोलायचे. पावसाळ्यात बाई घसरून पडल्या आणि तो मोडला. तेव्हा ते सारे पुन्हा आले, आणि आम्ही तो दुरुस्त केला. पुढे रात्रीच्या सोबतीची बाई सोडून गेली, तेव्हाही आले. अलीकडच्या बैठकीत मसुदा धाकट्या सुनेने घरूनच लिहून आणला होता. त्यातील एका कलमावर आजींची हरकत होती, आणि तासाचा बहुतेक वेळ त्या हरकतीवरच बोलण्यात गेला.