कोशिन्याची गोष्ट आणि आबांची सागोती

१/ ब्राझीलमधील साध्यासुध्या उपाहारगृहांच्या काचेच्या कपाटात एक तळलेला, सोनेरी, थेंबाच्या आकाराचा पदार्थ हमखास दिसतो : कोशिन्या. पोर्तुगीज भाषेत ‘कोशा’ म्हणजे मांडी आणि ‘कोशिन्या’ म्हणजे छोटी मांडी, अर्थात कोंबडीची तंगडी. आत मात्र हाड नसते; शिजवून पिंजलेले कोंबडीचे मांस असते. आजचा धागा या पदार्थाविषयी, आणि तो घरी करताना मला जे उमगले त्याविषयी.

२/ प्रचलित कथा अशी. साओ पावलो प्रांतातील लिमेइरा येथील मोहू अझूल या मळ्यावर राजकन्या इसाबेलचा एक मुलगा राहत असे. तो केवळ तंगडीच खाई. एके दिवशी तंगड्या पुरेनात, तेव्हा स्वयंपाकिणीने उरलेली कोंबडी पिंजली, पिठाच्या पारीत भरली आणि तिला तंगडीचा आकार दिला.

३/ इतिहासकार हिला दंतकथाच मानतात. इसाबेलचे तीन पुत्र पेद्रू (१८७५), लुईस (१८७८) आणि अंतोनियू (१८८१). तिघांचीही चरित्रे ज्ञात आहेत आणि मळ्यावर दडवलेल्या राजपुत्राला त्यांत जागा नाही. दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते : साओ पावलोत कारखाने वाढले, तेव्हा कामगारांना परवडणारा आणि खऱ्या तंगडीपेक्षा अधिक टिकणारा खाऊ म्हणून कोशिन्या रुजला.

४/ कृती वाचताच मी थबकलो. कांदा, लसूण व तमालपत्र घालून कोंबडी शिजवायची, तिचे पाणी गाळून घ्यायचे, त्यात थोडे लोणी घालून उकळायचे आणि दोन वाट्या पाण्याला दोन वाट्या मैदा एकदम ओतून घोटायचे. ही तर उकडच! तांदळाच्या पिठाऐवजी मैदा, एवढाच फरक.

५/ तरीही माझे पहिले चार कोशिन्या तेलात फुटले. आईने उरलेला गोळा बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाली, “हाताक चिकटता म्हणजे उकड शिजूक नाय.” पीठ पातेल्याच्या कडा सोडेपर्यंत पुन्हा घोटले. मग पारी, सारण, वर ओढलेले टोक. अंड्यात बुडवून पावाच्या चुऱ्यात घोळवले आणि तळले. एकही फुटला नाही. शेजारच्या गोव्यात कोळंबी भरून करतात त्या रिसॉइसची पारीही अशाच शिजवलेल्या मैद्याची असते; पोर्तुगीज स्वयंपाकघराचा हा धागा दोन खंडांत पसरला आहे.

६/ आता पुन्हा त्या दंतकथेकडे. तिच्यात मुलाच्या आईचे नाव आहे, मळ्याचे आहे, गावाचेही आहे. पदार्थ ‘शोधणाऱ्या’ बाईचे तेवढे नाही. त्या काळी कॉफीच्या मळ्यांवरील स्वयंपाकघरे बहुतांशी गुलाम स्त्रियांच्या श्रमावर चालत. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली ती १३ मे १८८८ रोजी, आणि त्या कायद्यावर स्वाक्षरी होती याच इसाबेलची. कथा रचणाऱ्यांनाही त्या बाईला नाव द्यावेसे वाटले नाही.

७/ हे लिहून मी समाधानाने वही मिटणार होतो. तेवढ्यात आठवले की कणकवलीच्या आमच्या घरात कोंबडीची सागोती ‘आबांची सागोती’ म्हणूनच ओळखली जाते. आजोबांनी आयुष्यात कधी चूल पेटवली नाही. त्यांना ती आवडे, एवढाच त्यांचा संबंध. पन्नास वर्षे वाटप वाटले ते आजीने. परक्या देशाच्या कथेतील मौन मला तत्काळ दिसले. घरातले मात्र पंचवीस वर्षे जेवूनही दिसले नव्हते.

८/ गेल्या सुट्टीत आजीला कृती विचारली. “त्यात काय सांगूचा?” म्हणाली, आणि मग तासभर सांगत राहिली : खोबरे कोणत्या रंगावर उतरवायचे, कांदा चुलीत कसा भाजायचा, मिरी कधी घालायची. मी लिहून घेतले. वहीत वर शीर्षक लिहिताना सवयीने ‘आबांची’ असे लिहिले गेले होते. ते खोडले आणि तिथे आजीचे पूर्ण नाव लिहिले. तिने चष्मा लावून ते वाचले, आणि आडनावातली माझी एक चूक दुरुस्त केली.