प्राध्यापकांच्या खात्यावर

विद्यार्थ्याला दोन पुस्तके आठवडाभर, प्राध्यापकाला दहा-पंधरा सत्रभर. आकडे कॉलेजागणिक बदलतात, रीत बहुतेक ठिकाणी हीच. ती रास्तही आहे. एक तास नीट घ्यायचा तर चार पुस्तके हाताशी लागतात. दर सोमवारी देवघेव खिडकीशी उभे राहून ती बदलत बसायला शिक्षकाला वेळ कुठला? पटत नाही ते पुढचे. विद्यार्थ्याची तारीख उलटली की दंड. सरांची उलटली तर कुणी विचारत नाही.

*

अर्थशास्त्राचे एक पुस्तक परवा परत आले. मागच्या तारीखचिठ्ठीवर वरच्या भागात दाटीवाटीने शिक्के, आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने, परीक्षेच्या तोंडावर तर एकाला एक लागून. मग एकच शिक्का, आणि खाली सगळे कोरे. नेणाऱ्या प्राध्यापकांनी पुस्तक जपले होते. खाकी कव्हर घातलेले, पानाचा कोपरा कुठे दुमडलेला नाही. पण मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला, आणि तेवढ्या सगळ्या तुकड्यांना ‘इश्यू झालंय’ एवढेच उत्तर मिळाले. रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले एक, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, हे शिकताना आम्ही सगळ्या ग्रंथपालांनी पाठ केलेले असते.

*

उपाय अवघड नाही. प्राध्यापकाच्या नावावरचे पुस्तक दुसऱ्या कुणी मागितले की आठ दिवसांत परत यावे. मागणी नसेल तर खुशाल सत्रभर राहू दे. ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर सोल असो की कोहा, पुस्तक आरक्षित करायची सोय दोन्हींत आहे. ग्रंथालय समितीने ठराव करायचा आणि नियमपत्रकात छापायचा, एवढेच. प्राचार्यांनाही तो लागू हवा.

*

तासिका तत्त्वावरचे शिक्षक. हा विषय माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा. नेमणूक सत्रापुरती, म्हणून काही ठिकाणी त्यांच्याकडून अनामत मागतात, काही ठिकाणी दोन पुस्तकांवर बोळवण होते. भीती एकच, पुस्तक घेऊन गेले तर? पण वर्ग तोच, अभ्यासक्रम तोच, पेपर तपासणीही तीच. मानधन तासावर, त्यामुळे पुस्तके विकत घेणे त्यांनाच सर्वांत जड जाते. कायम प्राध्यापकाइतकीच पुस्तके त्यांना मिळाली पाहिजेत. मुदत सत्राअखेर ठेवा, अनामत नको. यात तडजोड नको, असे माझे मत आहे.

*

विभागातल्या कपाटांची किल्ली विभागप्रमुखांकडे आणि पुस्तकेही त्यांच्याच नावावर. प्रमुख बदलले की दाखल अंकानुसार यादी जुळवून दोघांच्या सह्या घ्याव्यात. हे राहिले की पुढे सगळा घोळ.

*

निवृत्तीच्या वेळी ‘नो ड्यूज’वर ग्रंथपालाची सही लागते. पिशव्या भरभरून पुस्तके तेव्हा येतात, आणि एखाद-दोन सापडतच नाहीत. सेवेत असताना कुणी गेले तर प्रश्न आणखी नाजूक. घरातली माणसे कपाटे धुंडाळतात. त्यांना कॉलेजचे कुठले आणि सरांचे स्वतःचे कुठले हेही ठाऊक नसते. अशा वेळी एका क्रमिक पुस्तकासाठी कागद अडवून धरू नयेत. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम २१५ पाहा. वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचनासाठी दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणे तो वाजवी धरतो. अट एवढीच, की त्यामागे अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांवरच्या आणि दुर्मीळ ग्रंथांची चौकशी मात्र करावीच लागते. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठीचा, पण आपल्या समित्यांनी तो समोर ठेवायला हरकत नाही.

*

इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टवर शिक्षकाला घरबसल्या नियतकालिके आणि ई-पुस्तके वाचता येतात. नाव आणि ई-मेल ग्रंथालयात दिले की लॉगिन मिळते. नॅकच्या मूल्यांकनाआधी पासवर्ड विचारायला सगळे येतात. जूनमध्येच या, वर्षभर वापरता येईल. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५ला सुरू झाली, सुमारे १३,००० नियतकालिकांची. सुरुवात केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांपासून झाली. महाराष्ट्रातली बहुसंख्य महाविद्यालये खासगी संस्थांची. त्यांच्यापर्यंत ही सोय लवकर पोहोचावी.

*

खरेदीची यादी जुलैत द्या. मार्चमध्ये घाईने घेतलेली पुस्तके विषयाला धरून असतातच असे नाही.

*

एप्रिलमध्ये साठा तपासणी सुरू होते. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर ती दरवर्षी पूर्ण व्हावी, असे तोच नियम २१५ सांगतो. तेव्हा त्याआधी नावावरची सगळी पुस्तके एकदा खिडकीवर आणून दाखवा. अजून लागत असतील आणि दुसऱ्या कुणाची मागणी नसेल, तर त्याच दिवशी पुन्हा तुमच्या नावावर करून देतो.