कोवळमच्या जरा पुढे...
कोवळमला सगळेच जातात. बीच, लाल-पांढरं लाइटहाउस, कॅफेत बसून तळलेले मासे... झालं! तिसऱ्या दिवशी आम्ही रिक्षा पकडली आणि जवळच्या विझिंजमला गेलो.

धक्क्यावर मासळीचा लिलाव चालला होता. कलकलाट थेट ससून डॉकचा, फक्त मल्याळममध्ये! इथेच बंधाऱ्याला लागून १९९१ मध्ये लाटांवर चालणारं वीजकेंद्र सुरू झालं होतं. आयआयटी मद्रासचं काम, १५० किलोवॅटचं. काँक्रीटच्या पोकळ पेटीत लाट शिरली की आतली हवा वर रेटली जाते आणि त्या हवेवर टर्बाइन फिरतं. आता ते बंद आहे. एवढ्याशा पेटीने कुणाची होडी अडली असेल असं मला तरी वाटत नाही.

शेजारचं कंटेनर पोर्ट मात्र एवढंसं नाही. त्याच्यामुळे किनारा खचतोय म्हणून २०२२ मध्ये मच्छीमार शंभराहून जास्त दिवस आंदोलन करत होते. मे २०२५ मध्ये पोर्टचं उद्घाटन झालं आणि त्याच महिन्यात इथून कोचीला निघालेलं 'एमएससी एल्सा ३' जहाज बुडालं. कंटेनर वाहत किनाऱ्याला लागले. आणि आज त्याच पोर्टच्या क्रेन कंट्रोल रूममध्ये बसून चालवणाऱ्यांत इथल्या मच्छीमार घरांतल्या मुलीही आहेत.

मासळीवाल्या एका चेच्चीला, म्हणजे ताईला, रिक्षावाल्यामार्फत विचारलं, मुलीला तिथे पाठवाल?

"पाठवीन की! पण नवऱ्याने जाळं कुठे टाकायचं, तेही त्यांना विचारून सांग."

मग तिने बांगड्यांची टोपली पुढे सरकवली. हॉटेलात शिजवणार कुठे? तरी सहा घेतले. रिक्षावाल्याच्या घरी गेले.