अक्षरांचा शेजार

जुनी पत्रे वाचणे हा मोठा आनंदाचा उद्योग आहे. ती सुधारून घेणे मात्र जोखमीचे असते, असा अनुभव आम्हांस नुकताच आला. आमच्या आजोबांनी १९३८ ते १९४६ या काळात आपल्या धाकट्या बंधूंस लिहिलेली ६१ पत्रे आमच्या हाती आली. अक्षर बाळबोध व टपोरे. शुद्धलेखन अर्थातच त्या काळचे. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘पांच’, ‘नांव’, ‘मनांत’ अशी अनुस्वारांची नुसती पेरणी! मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि न उच्चारले जाणारे हे बिंदू लेखनातून गेले. त्यानंतर शाळेत गेलेल्या पिढ्यांस ते खड्यासारखे लागतात. आमची नातवंडे दुसऱ्याच ओळीत अडखळली. तेव्हा पत्रे संगणकावर उतरवून, आजच्या शुद्धलेखनात आणून, त्यांची पुस्तिका घरोघर वाटावी असा संकल्प आम्ही सोडला.

हाताने एकेक बिंदू खुडण्याइतके आयुष्य आता आमच्यापाशी उरले नाही. म्हणून आम्ही रेग्युलर एक्स्प्रेशन या युक्तीस शरण गेलो. स्टीफन क्लीनी या अमेरिकन गणितज्ञाने १९५१ साली तिची तात्त्विक मांडणी केली आणि केन टॉम्प्सन यांनी १९६८ साली ती मजकूर शोधण्याच्या कामी जुंपण्याची रीत प्रसिद्ध केली. युक्ती अशी की, यंत्रास ठरावीक शब्द न सांगता शब्दाचा साचा सांगावयाचा. आम्ही सांगितले, “काना, त्यावर अनुस्वार आणि पुढे त असा क्रम दिसला की अनुस्वार काढ.” ‘मनांत’चे ‘मनात’ झाले, ‘हातांत’चे ‘हातात’ झाले. आम्ही खुशीत पान उलटले, तो मुंबई प्रांताचा ‘मुंबई प्रात’ झालेला, आजोबांचा आवडता एकांत ‘एकात’ झालेला, आणि आमच्या शांताआत्या ‘शाताआत्या’ होऊन बसलेल्या!

दोष यंत्राचा नव्हता. त्याने सांगितल्या कामात तिळमात्र कसूर केली नव्हती. आम्हीच त्यास अक्षराचा शेजार पाहावयास सांगितले नव्हते. या युक्तीत त्याचीही सोय आहे. कंसाच्या आरंभी प्रश्नचिन्ह व बरोबरीचे चिन्ह घातले की ‘पुढे अमुक असेल तरच’ असा अर्थ होतो; बरोबरीच्या जागी उद्गारचिन्ह घातले की ‘पुढे अमुक नसेल तरच’. मध्ये आणखी एक ‘<’ असे चिन्ह घातले, म्हणजे यंत्र पुढे पाहण्याऐवजी मागे पाहते. यातील खुबी अशी की, यंत्र शेजाऱ्याकडे केवळ पाहते, त्यास हात लावीत नाही. ‘पांच’चे ‘पाच’ करावयाचे, पण श्रीकृष्णाच्या शंखाचा अनुस्वार शाबूत ठेवावयाचा, तर ‘पांच(?!जन्य)’ एवढे लिहिले की पुरे.

पण खरी फजिती पुढेच होती. शब्द जेथे संपतो तेथेच बदल कर, असे सांगण्याचे एक चिन्ह या भाषेत आहे. ते वापरले, तर १९४२ सालच्या एका पत्रातील ‘क्रांति’ची ‘क्राति’ झाली! शोध करता कळले की, देवनागरीतील काना, वेलांटी, मात्रा व अनुस्वार यांस संगणकाच्या कोष्टकात अक्षरांहून वेगळे घर दिलेले असते. ‘घरांत’ हा शब्द आम्हांस तीन अक्षरांचा दिसतो. यंत्राच्या लेखी ती घ, र, काना, अनुस्वार, त अशी पाच चिन्हे. पहिली वेलांटी कागदावर त च्या आधी दिसते, पण यंत्राच्या स्मृतीत ती त च्या नंतर येते. आणि आम्ही वापरीत होतो तशी काही साधने या खुणांना अक्षरच समजत नाहीत. त्यांच्या मते ‘क्रांति’ हा शब्द त पाशीच संपला. मग शब्दान्ताचे ते चिन्ह टाकून, ‘पुढे देवनागरीच्या १२८ जागांपैकी कोणतेही चिन्ह नसावे’ असे आम्हांस स्पष्ट लिहावे लागले.

हे करीत असता लहानपणी घोकलेल्या संधींची आठवण झाली. ‘इति’पुढे ‘आदि’ आले की इ चा य होऊन ‘इत्यादि’ होते. पुढे स्वर नसेल तर इ जागची हलत नाही. शेजार पाहून अक्षर बदलण्याचा हाच प्रकार पाणिनीने अडीच हजार वर्षांमागे किती थोडक्यात बांधला आहे! ज्याच्या जागी बदल व्हावयाचा त्यास षष्ठी, जे यावयाचे त्यास प्रथमा, ज्याच्या आधी बदल व्हावयाचा त्यास सप्तमी व ज्याच्या नंतर व्हावयाचा त्यास पंचमी. प्रश्नचिन्हांच्या व कंसांच्या गर्दीने जे साधते, ते त्याने चार विभक्तींत साधले. असो.

अखेर पुस्तिका तयार झाली व तिची एक प्रत धाकट्या आजोबांच्या नातवाकडे, म्हणजे आमच्या चुलतभावाकडे, गेली. आठ दिवसांनी त्याचा दूरध्वनी आला. “दादा, सगळे उत्तम झाले आहे. पण १९४१ सालच्या पत्रातला बिंदू तुम्ही का काढलात?”

ते साल आमच्या घराण्यात वाटणीचे. दोघे बंधू विभक्त झाले, वाड्याच्या चौकात भिंत उभी राहिली, देव आमच्याकडे राहिले आणि धाकट्या आजोबांनी गाव सोडले. त्यानंतर वडील बंधूंनी लिहिलेल्या पहिल्या पत्राचा शेवट असा होता: “देवापुढील दिवा आपल्या घरांत तेवत राहो.” आमच्या पुस्तिकेत ते ‘घरात’ झाले होते.

आजच्या नियमाने ‘घरात’ म्हणजे एका घरात आणि ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. जुन्या लेखनात मात्र दोन्हींस बिंदू असे. ‘आपल्या’ हा शब्दही दोन्हीकडे सारखाच चालतो. चुलतभाऊ म्हणाला, “आमच्या आजोबांनी हे एकच पत्र देवघरात जपून ठेवले होते. दिवा दोन्ही घरांत तेवो, असाच त्यांनी अर्थ घेतला. तुमचे छापील वाक्य वाचले, आणि आमच्या घरातला दिवा कोणी मालवला असे वाटले.”

आम्ही निरुत्तर झालो. मूळ कागद पुन्हा काढून पाहिला. पुढे ‘तेवत राहो’, मागे ‘आपल्या’. यापलीकडे अक्षरांच्या शेजारात काहीच नव्हते. आजोबांच्या मनात एक घर होते की दोन, हे ठरविणारा शेजार त्या ओळीत नव्हताच. तो भिंतीपलीकडच्या रिकाम्या खोल्यांत होता. पुढे कितीही पाहा, मागे कितीही पाहा, यंत्रास तो दिसणे शक्य नव्हते. पण आम्हांस तो ठाऊक होता, आणि तरीही आम्ही ते पत्र न वाचताच पुढे गेलो होतो. यंत्रास आम्ही शेजार पाहावयास शिकविले आणि स्वतः तेवढा पाहावयाचा विसरलो, ही गोष्ट मनास लागली.

बिंदू परत द्यावा, तर आजच्या नियमाने अर्थ ‘दोन घरांत’ असा पक्का होतो. न द्यावा, तर ‘एका घरात’ असा. आजोबांच्या वतीने यांपैकी काहीही ठरविण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. म्हणून दुसऱ्या आवृत्तीत साठ पत्रे आजच्या शुद्धलेखनात छापली आणि ते एक पत्र ‘कांहीं’, ‘नाहीं’ सकट जसेच्या तसे ठेवले. नातवंडे तेथे अडखळतात आणि हे असे का, म्हणून विचारतात. मग आम्ही त्यांस वाटणीची हकीकत सांगतो.