क. लो. अ.

माझी हयात इंग्रजी शिकवण्यात गेली. चौतीस वर्षे पोरांच्या वह्यांवर लाल शाई सांडली. निवृत्त झालो, पण हाताची खोड काही निवृत्त होत नाही. अजूनही हॉटेलात गेलो की मेनूकार्डातल्या चुका आधी दिसतात, पदार्थ मागाहून.

अशा माणसाला बंगळूरला शिकणाऱ्या नातीचा मेसेज आला. वाचून वाटले, फोन बिघडला. 'यू' हा चांगला तीन अक्षरी शब्द. त्यातली दोन अक्षरे गळालेली. 'ग्रेट'च्या शेपटाला आठाचा आकडा, 'बिफोर'च्या शेपटाला चाराचा. इंग्रजीच्या वहीत मधेच गणिताचे पान लागावे, तसला प्रकार! आणि शेवटी 'एलओएल'.

"पोर गुणी आहे हो," मी सौ.ला म्हणालो, "लॉट्स ऑफ लव्ह लिहायला विसरली नाही."

पुढे कळले की ते 'लाफिंग आउट लाउड' होते. चष्मा शोधायला माळ्यावर चढलो आणि तो नाकावरच निघाला, असे मी तिला कळवले होते. त्यावर ती खो खो हसली होती. पण ह्या बाबतीत मी एकटाच बावळट नाही बरे का! ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांचाही हाच समज होता, हे २०१२ साली तिथल्या एका चौकशीत जाहीर झाले. पंतप्रधानांच्या पंगतीला बसण्याचा योग माझ्या पत्रिकेत असा होता.

मग मी नातीचा प्रत्येक मेसेज दुरुस्त करून परत पाठवू लागलो. खाली दहापैकी गुण. एकदा दोन दिले, तेही दयेचे. सौ. म्हणाली, "अहो, ती नात आहे, एस.एस.सी.ची उत्तरपत्रिका नव्हे."

दिवसाला तीन येणारे मेसेज आठवड्याला एकावर आले. मग पंधरवडा कोरडा गेला. आणि एके दिवशी आले ते असे : 'प्रिय आजोबा, मी कुशल आहे. आपणही कुशल असाल अशी आशा आहे. आपली विश्वासू.' शुद्ध इंग्रजीत! स्वल्पविराम जागच्या जागी. दहापैकी दहा! चौतीस वर्षांत इतके निर्दोष आणि इतके परके पत्र मी वाचले नव्हते.

आपलेच बरोबर, हे सिद्ध करायला मी पुस्तके काढून बसलो. पुस्तके फितूर निघाली. पहिला मेसेज गेला तो ३ डिसेंबर १९९२ रोजी, इंग्लंडात. नील पॅपवर्थ नावाच्या तरुण इंजिनिअरने धाडलेला, 'मेरी ख्रिसमस', पुरत्या स्पेलिंगासह. पण मर्यादा होती एकशे साठ अक्षरांची. १९८५ साली फ्रीडहेल्म हिलेब्रँड या जर्मन गृहस्थाने टाइपरायटरवर वाक्ये बडवून अक्षरे मोजली आणि ठरवले, एवढी पुष्कळ झाली. आमच्याकडे एवढ्यात प्रकृतीची चौकशीही आटपत नाही! त्यात त्या जुन्या फोनवर एक 'एस' उमटवायला साताचे बटण चार वेळा दाबावे लागे. अक्षरे गळणार नाहीत तर काय? आता बटणे गेली, मर्यादा गेली. सवय तेवढी राहिली.

बरे, आखूड शब्दांवर चिडणारा मी पहिला नव्हेच. १७१० साली जोनाथन स्विफ्टने अशाच तोडक्या शब्दांवर आग पाखडली होती. त्यातला एक 'मॉब'. तो मी वर्गात बिनदिक्कत शिकवला! 'ओएमजी' हे पोरींचे खूळ म्हणावे, तर १९१७ साली लॉर्ड फिशर या पंचाहत्तरी गाठलेल्या इंग्रज नौसेनापतीने चर्चिलला लिहिलेल्या पत्रात ते सापडते. २०११ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने त्याला घरात घेतले. डेव्हिड क्रिस्टल या भाषापंडिताने २००८ साली ह्याच विषयावर पुस्तक लिहून सांगितले की, मेसेजांत दहातला एक शब्दही धड तोडलेला नसतो. इंग्रजी ठणठणीत होती. आजारी होतो तो मी.

आणखी एक कळले. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाने २०१५ साली दाखवून दिले की, मेसेजातल्या एकशब्दी उत्तरापुढे पूर्णविराम दिला तर तरुण पोरांना ते उत्तर कमी मनापासूनचे वाटते. म्हणजे माझ्या लेखी जे व्याकरण, ते तिच्या लेखी तोंडावर आपटलेले दार. आणि मी तर एकही पूर्णविराम सोडला नव्हता!

त्या रात्री वडिलांना आलेल्या जुन्या कार्डांची ट्रंक उघडली. पहिल्याच कार्डावर 'सा. न. वि. वि.', पोटात 'चि.' आणि 'सौ.', कडेला उभे 'ता. क.' आणि तळाशी 'क. लो. अ.' कार्डाला जागा थोडी, माणसांना सांगायचे फार. ह्या अक्षरांना आमच्या घरात कुणी कधी गुण दिले नव्हते. उलट शेवटच्या तिघांवर वडिलांचे डोळे जरा रेंगाळत.

मी नातीला तेवढेच पाठवले : 'क. लो. अ.'

उत्तरात नुसते प्रश्नचिन्ह आले. मी फोड करून कळवली : कळावे, लोभ असावा. दहा मिनिटे शांतता. मग उत्तर आले, 'आजोबा, सो स्वीट!' त्यात 'सो' एका अक्षराचा होता.

आता दिवसाला तीन मेसेज पुन्हा सुरू आहेत. शेवटी ती न चुकता 'कलोअ' लिहिते. तिन्ही टिंबे गाळते. हात शिवशिवतो हो, पण मी तो खिशात घालून बसतो.