कानस

मे महिन्यात अकोल्यात लाकडाचा भरवसा नसतो. दारं चौकटीत सैल होतात, देवघराचा सांधा मध्यरात्री कट्‌कन वाजतो. पारा पंचेचाळिशीच्या वर गेलेल्या अशाच एका दुपारी मी गिटार मांडीवर घेतली, डावा हात तिच्या मानेवरून खाली सरकवला आणि करवतीवर हात पडल्यासारखं झालं. फ्रेट, म्हणजे सतारीच्या भाषेत पडदे, दोन्ही कडांनी केसभर बाहेर आले होते. तर्जनीच्या मुळाशी रक्ताचा बारीक ठिपका उमटला.

ही गिटार अमरावतीला कॉलेजात असताना मी एका सीनियरकडून घेतली. टोकदार, एक पंख लांब, एक आखूड. कुठल्याशा छोट्या कारखान्यात जॅक्सनच्या घडणीवरून केलेली. ती हातात आली त्या दिवसापासून जॅक्सन कोण, हे मी शोधत राहिलो. हेवी मेटल संगीत वाजवणाऱ्यांच्या हातात हे नाव इतकं दिसतं की एखाद्या मोठ्या कारखानदाराचं असावं असंच वाटत होतं. सापडलं ते दुरुस्तीचं दुकान.

कॅलिफोर्नियात वेन चार्व्हेल नावाचा माणूस गिटार दुरुस्त करायचा. दुकान अडचणीत आलं आणि १९७८च्या नोव्हेंबरात ते ग्रोव्हर जॅक्सनने विकत घेतलं. नाव चार्व्हेलचंच ठेवलं. दुसऱ्यांच्या वाद्यांचे तुटलेले भाग बदलता बदलता तिथे अख्ख्या गिटारी घडू लागल्या. १९८०च्या डिसेंबरात रँडी ऱ्होड्स तिथे आला. ऑझी ऑस्बर्न या गायकाच्या बँडमधला गिटारवादक, चोवीस वर्षांचा पोरगा. त्याची आई नॉर्थ हॉलिवूडमध्ये संगीताची शाळा चालवायची, तिथे तो स्वतः मुलांना गिटार शिकवायचा, आणि नाव झाल्यावरही दौऱ्यात गावोगावी शास्त्रीय गिटारचे धडे घ्यायचा. मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. मैदानभर लोक ज्याच्यासाठी ओरडत, तो सकाळी कुणा अनोळखी गुरुजींसमोर वही घेऊन बसायचा.

त्याला हवा असलेला आकार त्याच्या डोक्यात होता. बाणाच्या फाळासारखा, पण दोन्ही बाजू सारख्या नसलेला. जॅक्सनने तो घडवला. मॅपलची मान शरीराला स्क्रूने न जोडता तीच शेवटपर्यंत आरपार नेली आणि दोन्ही बाजूंना पंख चिकटवले. वाद्य इतकं वेगळं झालं की त्यावर चार्व्हेलचं नाव घालायला त्याचं मन होईना. लोकांना पटलं नाही तर चालत्या दुकानाचं नाव जायचं. म्हणून त्याने स्वतःचं आडनाव लिहिलं. धोका होता तिथे त्याने आपलं नाव ठेवलं, याचा मी फार विचार करतो.

पहिली गिटार पांढरी. ती लोकांना फ्लाइंग व्ही या जुन्या गिटारीसारखी वाटते, म्हणून रँडीने दुसरी मागितली, आणखी टोकदार, काळी. ती हातात येऊन फार दिवस झाले नव्हते. १९ मार्च १९८२ रोजी फ्लोरिडात लहान विमानाच्या अपघातात तो गेला. पंचविसाव्या वर्षी. त्याच्या नावाचं मॉडेल मात्र पुढे घडत राहिलं. दुकान कंपनी झालं, १९८९मध्ये जॅक्सन स्वतः त्यातून बाहेर पडला, २००२मध्ये फेंडर या गिटार कंपनीने ती विकत घेतली. त्या खरेदी-विक्रीत माझं मन रमत नाही. मी त्या दुरुस्तीच्या टेबलापाशीच थांबतो.

कारण दुरुस्तीतून घडवणं सुरू होतं, हे मी आपल्याकडेही पाहिलं आहे. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार. तलवारी-भाल्यांना धार लावणारी, शस्त्रं दुरुस्त करणारी माणसं. शस्त्रांचे दिवस सरले तेव्हा त्याच हातांकडे तंबोरे आले. आधी दुरुस्तीला, मग घडवायला. फरीदसाहेब शिकलगारांचं नाव तिथे आजही आदराने घेतात. भोपळा, तुणीचं लाकूड आणि घोडीवर कानस फिरवून काढलेली जवारी. तार घोडीला किंचित चाटून गेली पाहिजे, एवढ्यासाठी कारागीर तासन्‌तास घासतो आणि ऐकतो. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तलवारीवर फिरलेला हात घोडीवर फिरला.

आणि मेटलचा उगम तर एका जखमेच्या दुरुस्तीत आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात १९६५मध्ये टोनी आयॉमी या सतरा वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्राखाली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची नेमकी तीच बोटं. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, तारा हलक्या लावल्या. पुढे तारा उतरवून सूरही खाली आणला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा तो जड, खोल आवाज अशा दुखऱ्या बोटांतून आला.

माझ्या बोटाचा ठिपका पुसून मी दुसऱ्या दिवशी सकाळीच जुन्या शहरात गेलो. तिथे एक काका पेट्या दुरुस्त करतात. श्रावणाच्या आधी भजनी मंडळांच्या पेट्या येतात, आणि मोझरीच्या पुण्यतिथी महोत्सवाच्या सुमाराला खंजिऱ्या. तुकडोजी महाराजांच्या मुलुखात खंजिरी घरोघरी, त्यामुळे त्यांच्या भिंतीवर दोन-तीन कायम टांगलेल्या. गिटार त्यांनी कधी उघडली नव्हती. त्यांनी मानेवरून पालथा हात फिरवला.

"पडदे नाही वाढले भाऊ, लाकूड सुकलं. उनात लाकूड आंग चोरते. लोखंड काहून चोरीन?"

पुस्तकात मी हेच चार पानांत वाचलं होतं.

त्यांनी आधी कूलर बंद केला. वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी ओल एका बाजूनेच लागली तर मान पिळते, म्हणाले. सहा तारा मिळून चाळीस-एक किलोचा ताण या मानेवर असतो, आत तो तोलणारी पोलादी सळई असते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी तारा उतरवल्या, एका डोळ्याने मानेच्या धारेवरून पाहिलं आणि नुसती मान हलवली. मग कानस घेतली. तीच, जिने ते पेटीचे पितळी सूर लावतात. सुराच्या टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि दोन्हीकडे एक घासा जास्त झाला की पंचाईत. त्या सवयीचा हात माझ्या गिटारवर आला. लाकडाला कागदी टेप लावून, कानस तिरकी धरून, ते एकेका पडद्याचं टोक घासू लागले. चोवीस पडदे, अठ्ठेचाळीस टोकं. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर करडी पूड साचत होती. दर दोन-तीन घाशांनी ते थांबत आणि करंगळीची बाजू फिरवून बघत. बोटांची टोकं राठ झालीत, तिथं कळत नाही, असं म्हणाले. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन थेंब चिंधीवर घेऊन त्यांनी काळपट लाकडाला पुसले. लाकूड पाणी प्यायल्यासारखं गडद झालं.

तारा चढवून मी गाडीच्या डिकीतून छोटा अँप आणला. दुकानात तिसरा माणूस उभा राहायला जागा नव्हती. मी आवाज अर्ध्यावर ठेवला आणि सगळ्यात जाड तार मोकळी छेडली. भिंतीवरच्या खंजिरीच्या झांजा आपोआप शिरशिरल्या. कुणी हात लावला नव्हता.

काकांनी कानस खाली ठेवली, वर खंजिरीकडे पाहिलं.

"अजून एकदा वाजव," म्हणाले.